नचिकेतची भीती

उमेश विनायक कुलकर्णी यांचा ‘विहीर’ २०१० साली थिएटरांत आला. त्यात नचिकेत नावाचा मुलगा आहे, मिसरूड फुटायच्या वयातला. समीर हा त्याचा नात्यातला भाऊ आणि जिवाभावाचा मित्र. दोघं एकमेकांना पत्रं लिहितात, भेटीची वाट बघतात. या खेपेला मात्र समीर येतो तर नचिकेत बदललेला. घरात लग्नाची गडबड, माणसांचा राबता, हसणं-खिदळणं. आणि हा मुलगा त्या सगळ्याकडे लांबून बघतोय. नाती, घर, रोजचं तेच ते जगणं, सगळ्यांनी एकामागून एक त्याच वाटेनं चालत राहणं, या सगळ्याचं त्याला ओझं झालंय. सगळं सोडून कुठंतरी निघून जावं असं त्याच्या मनात घोळतंय. पुढे बातमी येते ती नचिकेत विहिरीत बुडून गेल्याची. तो अपघात होता की आणखी काही, सिनेमा सांगत नाही. समीर मात्र त्याला शोधत राहतो, लपाछपीचा डाव अजून संपलेलाच नाही अशा हट्टानं.

गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांनी लिहिलेला, आलोक राजवाडे यांनी उभा केलेला हा मुलगा मला मराठी पडद्यावरचा सगळ्यात खरा किशोरवयीन मुलगा वाटतो. या वयावर मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’तला नववीचा मुकुंद जोशी तर घराघरांत पोचला. पण जोशीची कळ प्रेमाची आहे. नचिकेतचं दुखणं वेगळं. त्याला कोणी झिडकारलेलं नाही, कोणी मारझोड केलेली नाही. त्याला समोर पसरलेलं आयुष्य दिसतंय, आणि ते बघूनच तो हबकलाय.

त्याचं नावही उगाच ठेवलेलं नसणार. कठोपनिषदातला नचिकेता हाही पोरगाच. बाप यज्ञात आटलेल्या, थकलेल्या गायी दान देतोय हे बघून त्यानं विचारलं, मला कोणाला देणार? पुन्हा पुन्हा विचारलं. संतापलेल्या बापानं त्याला मृत्यूला देऊन टाकलं. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबलेल्या या मुलाला यमानं दीर्घायुष्य, संपत्ती, राज्य, मागशील ते देऊ केलं. पण मेल्यावर माणसाचं काय होतं तेवढं सांगा, यावर पोरगं अडून बसलं. मृत्यूवरचा आपल्याकडचा इतका खोल संवाद एका मुलाच्या तोंडी घालावा असं ज्यांना सुचलं, त्यांनी हे वय फार जवळून पाहिलेलं असलं पाहिजे.

कारण असे प्रश्न याच वयात पडतात, आणि ते याच वयात का पडतात हे आता बऱ्यापैकी कळलेलं आहे. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांचा विचार कसकसा वाढतो हे आयुष्यभर न्याहाळलं. अकरा-बारा वर्षांच्या पुढे मुलांच्या विचारात एक नवी ताकद येते, असं त्याला दिसलं. जे समोर नाही, जे अजून घडलेलंच नाही, त्याचाही विचार करता येऊ लागतो. सात वर्षांच्या पोराला मोठेपणी कोण होणार विचारलं की ते पोलीस, पायलट, एसटीचा ड्रायव्हर, सुचेल ते आनंदानं सांगून खेळायला पळतं. चौदाव्या वर्षी तोच प्रश्न जड होतो. ‘क्ष’च्या जागी कोणतीही किंमत घालून बघता येते हे ज्या वयात उमगतं, त्याच वयात स्वतःच्या जागीही काहीही घालून बघता येतं हे उमगतं. मी बापासारखा झालो तर? आई गेली तर? मी इथंच अडकून राहिलो तर? आणि मी नसलोच तर?

मोठं होण्याची भीती वाटायला आधी मोठेपण डोळ्यांपुढे उभं करता यावं लागतं. म्हणजे ही भीती हीच बुद्धी वाढल्याची खूण आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हापासून मी अशा मुलांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो.

आता हा नचिकेत शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात जन्मला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून बघू. ठाणे जिल्ह्याची ही दोन डोंगराळ टोकं. इकडे माहुली, तिकडे माळशेज आणि नाणेघाटाची भिंत. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा शहापुरातले, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही शहापुरातले. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवरून पहाटेच्या लोकलनं माणसं कल्याण-ठाण्याला कामाला जातात. मुरबाडला रेल्वे नाही, तिथून एसटी. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली अशी वस्ती.

इथल्या मुलाला मोठेपण शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळी झाली की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. सोबत गेलेलं दहा-बारा वर्षांचं मूल तिथं धाकटी भावंडं सांभाळतं, पाणी भरतं, हाताशी येईल ते काम करतं. मोठेपणाची धास्ती वाटायला उसंत मिळण्याआधीच मोठेपण अंगावर पडलेलं असतं. दुसरीकडे आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा. त्यांचं प्रकल्प कार्यालय शहापूरलाच आहे. तिथली मुलं पहिलीपासून घराबाहेर राहतात. सहाव्या वर्षी एकदा घर सुटलेलं. दहावीनंतर दुसऱ्यांदा सुटतं. अकरावीला शहापूर, मुरबाड, किन्हवली किंवा थेट कल्याण, वसतिगृहाचा अर्ज, दाखल्यांसाठी तहसीलच्या खेपा, आणि घरात इतकं शिकलेलं आपल्याआधी कोणीच नाही. ज्या वाटेनं घरातले सगळे गेले त्या वाटेची धास्ती, आणि ज्या वाटेनं कोणीच गेलेलं नाही तिचीही धास्ती, दोन्ही एकाच पोराच्या पोटात.

हे झालं बाहेरचं. त्याच वेळी त्या पोराच्या शरीरात जे चाललेलं असतं ते ऐकून तर मती गुंग होते.

आपल्याला वाटतं, वयात येणं बाराव्या-तेराव्या वर्षी पहिल्यांदा घडतं. प्रत्यक्षात जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच बाळाच्या मेंदूतला हायपोथॅलॅमस हा इवलासा भाग ती संप्रेरकं जागी करतो जी पुढे वयात येताना काम करणार असतात. थोडे महिने ही यंत्रणा चालते आणि मग गप्प होते. जवळपास दहा वर्षं गप्पच राहते. बाळ रांगतं, चालतं, पाढे पाठ करतं, सूरपारंब्या खेळतं. आत ती तशीच निजलेली. मग एक दिवस ती उठते. तिला उठवतं कोण, हे कोडं कितीतरी वर्षं सुटत नव्हतं.

२००३ साली, ज्या कुटुंबांतली काही माणसं वयातच येत नव्हती अशा कुटुंबांचा अभ्यास करताना, फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच जनुकातला दोष सापडला. त्या धाग्यानं ते किसपेप्टिन नावाच्या एका रेणूपर्यंत पोचले. याचं जनुक त्याआधी १९९६ साली कर्करोगाच्या संशोधनात सापडलेलं होतं, अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेटच्या गावात, आणि तिथल्या प्रसिद्ध ‘किसेस’ चॉकलेटवरून त्याचं नाव पडलेलं होतं. तोच रेणू हायपोथॅलॅमसला जागं करतो. सुरुवातीला हे जागं होणं रात्रीचं असतं. मूल गाढ झोपलेलं असताना संप्रेरकांच्या लाटा ठराविक अंतरानं उठू लागतात, आणि सकाळी उठलेलं मूल वरून तरी कालच्यासारखंच दिसतं. शरीरात पुरेसा साठा आहे की नाही हेही मेंदू बघत असतो; पोटाला पुरेसं न मिळालेल्या मुलांत हे सगळं उशिरा सुरू होतं. त्यामुळे आठवीच्या एकाच बाकावर एक मुलगी बाई दिसू लागलेली आणि तिच्या शेजारची अजून चिमुरडी, असं चित्र सर्रास असतं. दोघींनाही आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटत असतं.

मग मेंदू. १९७९ साली शिकागोच्या पीटर हटनलॉकर यांनी वेगवेगळ्या वयांत मरण पावलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून चेतापेशींमधले जोड मोजले. लहान मुलाच्या मेंदूत हे जोड प्रौढ माणसापेक्षा कितीतरी जास्त निघाले. पुढे १९९९ साली जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी मुलांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढून दाखवलं की कपाळामागच्या भागातलं करडं द्रव्य मुलींत साधारण अकराव्या आणि मुलग्यांत बाराव्या वर्षापर्यंत वाढतं आणि त्यानंतर कमी होत जातं. जे जोड वापरात आहेत ते पक्के होतात, त्यांच्यावर चरबीचं वेष्टण चढून निरोप जलद धावू लागतो. जे वापरात नाहीत ते काढून टाकले जातात. थोपवणं, तोलणं, पुढचा विचार करून पाऊल मागे घेणं ही कामं करणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी तयार होतो, पंचविशीच्या आसपास. भावना आणि ओढ उसळवणारे भाग त्याच्या कितीतरी आधी ऐन भरात आलेले असतात.

म्हणजे मोठं होताना मेंदू स्वतःतलं बरंच काही खरोखर टाकून देतो. मोठं होणं म्हणजे काहीतरी हरवणं, असं नचिकेतला वाटत होतं. पेशींच्या पातळीवर बघितलं तर तो चुकत नव्हता.

शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागायचे नाहीत. तो उन्हाळ्यात राब भाजतो, पहिल्या पावसावर त्यात भात पेरतो, आणि रोपं दाट हिरवीगार होऊन डोलू लागली की तीन-चार आठवड्यांनी तीच उपटून, मुठी बांधून, दुसऱ्या खाचरातल्या चिखलात लावतो. आवणीनंतर आठवडाभर शेताकडे बघवत नाही. रोपं पिवळी पडलेली, माना टाकलेल्या. उपटताना मुळं तुटलेली असतात आणि नवं मूळ धरेपर्यंत वरच्या पात्याला पोसायला खाली काही नसतं. पण उपटलीच नाहीत तर राबातल्या त्या दाटीत रोपं फुटणार नाहीत, हेही त्याला माहीत असतं. त्या आठवड्यात तो पाणी बघतो, बांध बघतो, खेकड्यांनी बांधाला भोकं पाडलीत का ते बघतो. पिवळ्या रोपाला आळशी म्हणणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

पोराला मात्र आपण म्हणतो. सकाळी उठत नाही, म्हणजे आळशी. झोपेवर अनेक वर्षं काम केलेल्या अमेरिकेतल्या मेरी कार्स्केडन यांनी दाखवून दिलं की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा पाझरू लागतं. पोराला दहाला झोप येत नाही ती मोबाइल असो वा नसो (मोबाइलनं त्यात भर पडते ती वेगळी). आणि आश्रमशाळेची घंटा तर पहाटेचीच असते: आंघोळीची रांग, प्रार्थना, नाश्ता. रात्री दिवे मालवल्यावर त्या लांबलचक खोलीत ओळीनं आडवी झालेली कितीतरी मुलं टक्क जागी असतात. दिवसा अभ्यास, काम, मित्र यांच्या गडबडीत मागे राहिलेला प्रश्न त्या वेळी पुढे येतो. घरची आठवण, भट्टीवर गेलेले आईबाप, बोर्डाची परीक्षा, अंगात होणारे बदल, आणि यातलं काही कोणाला सांगायची सोय नसणं.

सांगायची सोय नसण्याला आणखी एक कारण आहे. १९६७ साली डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लिहिलं की या वयातलं मूल सतत काल्पनिक प्रेक्षकांसमोर वावरत असतं. चेहऱ्यावरची पुटकुळी, फुटलेला आवाज, पॅन्टची उसवलेली शिवण साऱ्या जगाला दिसतेय असं त्याला वाटतं. शिवाय आपल्याला जे होतंय ते आजवर दुसऱ्या कोणालाच झालेलं नाही असंही वाटतं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधायची ताकद नुकतीच आलेली असते, आणि तो अंदाज पहिल्यांदा स्वतःवरच येऊन पडतो. पाड्यावर तर हे प्रेक्षक पूर्णपणे काल्पनिकही नसतात. मुलगी एसटी स्टँडवर कोणाशी बोलत उभी होती हे ती घरी पोचायच्या आत घरी पोचलेलं असतं. तिची भीती समजून घेताना हा फरक विसरून चालणार नाही. शहरातल्या मुलींवर लिहिलेली पुस्तकं तो विसरतात.

मोठं न होण्याची इच्छा माणसं फार पूर्वीपासून बोलून दाखवत आली आहेत, आणि यात १९०४ हे साल फार विलक्षण आहे. त्या वर्षी अमेरिकेत स्टॅन्ली हॉल यांचा ‘अ‍ॅडोलेसन्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि किशोरवय हा आयुष्याचा वेगळा टप्पा म्हणून विज्ञानाच्या चौकटीत आला. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या रंगभूमीवर जे. एम. बॅरी यांचा पीटर पॅन उतरला, कधीच मोठा न होणारा मुलगा. या पीटरच्या मागे एक खरा मुलगा होता. बॅरी सहा वर्षांचे असताना त्यांचा थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर पडून गेला, चौदावा वाढदिवस तोंडावर असताना. आई त्या धक्क्यातून कधीच नीट सावरली नाही, आणि तिच्या मनात डेव्हिड कायमचा तेरा वर्षांचाच राहिला. धाकटा बॅरी वाढत गेला, म्हातारा झाला. थोरला मात्र तिथंच. ‘विहीर’मधला समीरही याच जागी उभा आहे. त्याला पुढे वाढायचं आहे आणि ज्याच्या मागोमाग वाढायचं तो थांबलाय. मागे राहिलेल्याची भीती दुप्पट असते, आणि घरात कोणी गेलं की सगळे आईबापांना धीर देतात, भावंडांकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

आता नाणेघाटाकडे वळतो, कारण या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तिथं दगडात कोरलेली आहे. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानं वैशाखऱ्यापाशी उतरलं की दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट समोर चढत जाते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तिथं एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या; वर कोरलेली नावं उरली. त्यांत राजा सिमुक आहे, राणी आणि तिचा पती सातकर्णी आहेत, आणि राजकुमारही आहेत. पतीच्या पश्चात, मुलं लहान असताना, नागनिकेनं कारभार पाहिला असं बरेच अभ्यासक या लेखावरून मानतात. राजपुत्रांना वाढायला अवधी मिळाला, कारण तोवर राज्य कोणीतरी धरून ठेवलेलं होतं.

विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी हाच अवधी किशोरवयाची सर्वांत मोठी गरज म्हणून मांडला. मी कोण, या प्रश्नाचं उत्तर सापडेपर्यंत समाजानं मुलाला मोकळीक द्यावी, चुकण्याची, बदलण्याची, एक वाट धरून सोडण्याची. तोवर मोठ्यांच्या जबाबदाऱ्या पुढे ढकलाव्यात. मेंदूच्या प्रतिमांनी पुढे दाखवलं की हा अवधी पंचविशीपर्यंत लांबतो. शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत तो मुलांना मिळतो, आणि तो मिळतोय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कातकरी पाड्यावरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला बऱ्याचदा तो मिळत नाही. २००६ च्या कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस धरलेलं असलं तरी, भट्टीवर पोरीला एकटं ठेवायचं कसं या काळजीपोटी लग्न उरकलं जातं. सतराव्या वर्षी कडेवर मूल असलेल्या त्या मुलीचा मेंदू इतर कोणत्याही सतरा वर्षांच्या मुलीसारखाच अर्धा घडलेला असतो. तिच्या कपाळामागच्या पेशींना तिचं लग्न झाल्याचं ठाऊक नसतं. राणीच्या मुलांना मिळालेला तो अवधी घाटाखालच्या पाड्यावर पोचायला दोन हजार वर्षंही पुरलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

ही भीती आजार कधी होते, हा प्रश्न इथं येतोच. एखादा दिवस मन उदास असणं, चिडणं, दार लावून बसणं हे वाढण्याचाच भाग. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास, पूर्वी आवडणारं काहीही नकोसं, झोप-भूक बिघडलेली, शाळा सुटत चाललेली, ‘मी नसलो तर बरं’ अशी बोलणी, यांकडे दुर्लक्ष करायचं नसतं. खेड्यात हे दुखणं पुष्कळदा शरीरातून बोलतं: सारखं पोट दुखतं, डोकं दुखतं, चक्कर येते, हातपाय गळतात. पोराला आधी भगताकडे नेतात. भगत ऐकून घेतो, घरच्यांना बोलावतो, सगळ्यांचं लक्ष त्या मुलाकडे वळवतो. त्यानं कधी कधी उतारही पडतो. पण खोल नैराश्य तेवढ्यानं जात नाही. मरणाविषयी विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं भरेल असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. ‘जगणं नको असं वाटतं का’ हे सरळ, शांतपणे विचारावं. कोणीतरी विचारलं याचाच मुलाला आधार होतो.

रोनाल्ड केसलर यांच्या २००५ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात आढळलं की आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार दिसला. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे ठाण्याला १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे, आणि १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यातच सुरू केलेली आयपीएच ही संस्था मनाच्या आजारांबद्दल मराठीत मोकळेपणानं बोलत आली आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा फुकट क्रमांक चोवीस तास लागतो, मराठीतही बोलता येतं. पण माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरून ठाणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवून जायचं ठिकाण, आणि फोन करायला आधी फोन हातात हवा, शेजारी कोणी नको.

म्हणून मला बिहारमधला एक प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेच्या संशोधकांनी नालंदा जिल्ह्यातल्या ७० हून अधिक सरकारी शाळांत तो केला. त्याचा निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. काही शाळांत मुलांच्या मनाचं आणि शाळेतल्या वातावरणाचं काम तिथल्याच शिक्षकांवर सोपवलं. काहींत त्यासाठी बाहेरून एक सामान्य माणूस नेमला, ज्याला मानसोपचाराचं आधीचं शिक्षण नव्हतं, पण प्रशिक्षण दिलं आणि देखरेख ठेवली. कार्यक्रम दोन्हीकडे तोच. शिक्षक असलेल्या शाळांत फारसा फरक पडला नाही. नेमलेला माणूस असलेल्या शाळांत मुलांना शाळा आपली वाटू लागली, उदासी कमी झाली, दादागिरी आणि मारामाऱ्या घटल्या. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ मी घेत नाही. गुण देणाऱ्या, हजेरी घेणाऱ्या, घरी निरोप धाडणाऱ्या माणसाला ‘मला मोठं व्हायची भीती वाटते’ असं सांगता येत नाही, एवढाच घेतो. आश्रमशाळेत अधीक्षक आणि अधीक्षिका रात्री मुलांजवळ असतात खरे, पण कोठीचा हिशेब, जेवण, आजारपण, शिस्त हे सगळं त्यांच्याच गळ्यात असतं.

दर आश्रमशाळेत असं एक माणूस नेमायचं ठरलं तर ते मिळणं अवघड नाही. बारावी किंवा पदवी झालेली, पाड्यावरचीच, ठाकरी किंवा कातकरी बोली येणारी, स्वतः त्याच लांबलचक खोलीत जागी राहिलेली तरुण मुलगी हे काम शिकू शकेल. अशा मुली शहापूर, मुरबाड, किन्हवलीच्या कॉलेजांतून दर वर्षी बाहेर पडतात, आणि पुढे काय करायचं ते न सुचून कल्याणची गाडी पकडतात.